सिम्युलेशनने दिलेला हीटिंग-कूलिंग लोड वाचायचा कसा?

वाळ्याचा_पडदा | ११ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका छोट्या फर्ममध्ये एसीच्या डिझाइनचं काम करतो. सध्या हातात एका संस्थेची अभ्यासिका आणि ग्रंथालय आहे. तळमजला आणि वर दोन मजले, एसीखाली येणारं क्षेत्र १,२०० चौरस मीटर, एका वेळी जास्तीत जास्त ३०० मुलं. एनर्जीप्लसमध्ये (इमारतीला थंड-गरम ठेवायला किती उष्णता काढावी-घालावी लागेल, म्हणजे तिचा लोड, काढणारं सॉफ्टवेअर) मॉडेल उभं केलं, इश्रे या एसी इंजिनिअरांच्या भारतीय संस्थेची नागपूरची हवामान फाइल लावली आणि वर्षभराचं सिम्युलेशन चालवलं. बाहेर आलेले आकडे असे:

कूलिंग, वर्षाचं: ११८ किलोवॅट-तास प्रति चौरस मीटर
हीटिंग, वर्षाचं: ९ किलोवॅट-तास प्रति चौरस मीटर
कूलिंगचा पीक, म्हणजे एखाद्या वेळी लागणारी जास्तीत जास्त क्षमता: १६२ किलोवॅट, म्हणजे ४६ टन (एक टन साधारण ३.५ किलोवॅट)

आता अडचण. एसीचा ठेकेदार म्हणतो १२० चौरस फुटाला एक टन हा त्याचा नेहमीचा हिशोब, १२,९०० चौरस फुटांना १०७ टन लागतील, ४६ टनांत मुलं घामाघूम होतील. संस्थेच्या खजिनदारांनी ११८ ला १,२०० ने गुणलं, १ लाख ४१ हजार ६०० युनिट काढले, त्याला विजेचा दर लावला आणि एसीच नको म्हणायला लागले. आणि अध्यक्ष विचारतात, नागपुरात हीटिंग कशाला दाखवलंय?

तिघांनाही उत्तर द्यायचंय. मॉडेल चुकलंय असं वाटत नाही, पण या आकड्यांचा अर्थ छातीठोकपणे सांगता येत नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

---

गिरगावकर | ११ मे, रात्री १०:२५

खजिनदारांपासून सुरुवात करू, कारण त्यांची समजूत सगळ्यात सोपी निघेल.

तुमचे ११८ म्हणजे खोलीतून बाहेर काढावी लागणारी उष्णता. ती विजेची युनिटं नाहीत. एक युनिट वीज घेऊन यंत्र तीनएक युनिट उष्णता बाहेर फेकतं. वर्षाची सरासरी ३.२ धरली तर १,४१,६०० चे साधारण ४४,२५० होतात. त्यात पंखे, पंप वगैरे मिळवा, तरी खजिनदारांच्या आकड्याच्या निम्म्याखालीच राहाल. एकक दोन्हीकडे किलोवॅट-तासच असल्यामुळे हा घोटाळा जन्मभर पाहत आलोय. रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे आणि एकाच्या पुढे ‘उष्णता’, दुसऱ्याच्या पुढे ‘वीज’ असं मराठीत लिहायचं.

आता तुमच्या ४६ टनांबद्दल. मी आधी ई-२० शीटवर (हीट लोडच्या हिशोबाचा छापील तक्ता) पेन्सिलने हीट लोड काढायचो, नंतर कॉम्प्युटरवर. तेव्हापासून सवय आहे की आकडा पाहण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या.

पीक कोणत्या दिवशी, किती वाजता आला? फ्रेश एअर, म्हणजे बाहेरून आत घ्यायची ताजी हवा, किती धरली आहे? सेटपॉइंट (खोलीत राखायचं तापमान) आणि चालू-बंदच्या वेळा तुम्ही स्वतः भरल्यात की टेम्प्लेटमध्ये होत्या तशाच राहिल्या?

हे सांगा, मग बोलू.

---

वाळ्याचा_पडदा | १२ मे, सकाळी ८:१०

काका, रात्री पुन्हा फाइल उघडून बसलो.

पीक मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी १० वाजता. मला वाटलं होतं दुपारी चार वाजता असेल. इतर दिवशी दुपारी चारच्या सुमाराला जास्तीत जास्त १२८ किलोवॅट दिसतो. अभ्यासिका रविवारी बंद, बाकी दिवस ९ ते ९.

कूलिंगचा सेटपॉइंट मी २४ भरला. हीटिंगचा २१ हा टेम्प्लेटमधला, मी हात लावला नव्हता.

आणि फ्रेश एअर शून्य आहे. आयडियल लोड्सचा ऑब्जेक्ट (खऱ्या यंत्राचा तपशील न मागता नुसता लोड काढणारा मॉडेलचा भाग) घेतला, पण बाहेरच्या हवेचा भाग जोडायचा राहिला. ही माझी मोठीच चूक.

---

गिरगावकर | १२ मे, सकाळी ११:३०

सापडलं ते बरं झालं. एक-एक घेऊ.

सोमवार सकाळचा पीक. शनिवारी रात्री ९ ला एसी बंद झाला. सगळा रविवार नागपूरच्या मे महिन्यातलं ऊन गच्चीच्या स्लॅबवर आणि पश्चिमेच्या भिंतीवर पडलं. काँक्रीट, विटा, लोखंडी कपाटं, हजारो पुस्तकं, सगळं तापून बसलं. सोमवारी ९ ला तुम्ही मॉडेलला सांगितलं की लगेच २४ करून दे. आयडियल लोड्सला क्षमतेची मर्यादा घातली नाही तर ते यंत्र अमर्याद ताकदीचं समजलं जातं, म्हणून त्याने तासा-दोन तासांत सगळी साठलेली उष्णता उपसली. तो १६२ म्हणजे इमारतीची नेहमीची गरज नाही, तुमच्या वेळापत्रकाने तयार केलेला उंचवटा आहे. एसी सोमवारी साडेसहाला सुरू केला किंवा रविवारी रात्री खिडक्या-एक्झॉस्टने थंड हवा फिरवली तर तो खाली बसतो. म्हणून वर्षाच्या ८,७६० तासांचा आलेख उघडून पाहायचा, नुसती शेवटची ओळ वाचायची नाही. लोड मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत लावा आणि बघा, १२८ च्या वर वर्षात किती तास आहेत. दहा-बारा निघतील.

आता फ्रेश एअर. इथे जरा थांबतो, कारण नागपूर आणि मुंबईचा खरा फरक इथेच आहे आणि तो बहुतेकांना उलटा वाटतो.

खोलीत २४ अंश, ५५ टक्के आर्द्रता धरू. त्या हवेत किलोमागे साधारण १०.३ ग्रॅम पाणी असतं. नागपुरात मेच्या दुपारी बाहेर ४४ अंश आणि १५ टक्के. भाजून काढणारी हवा, पण पाणी किती? किलोमागे साडेआठ ग्रॅम. म्हणजे खोलीतल्यापेक्षा कोरडी! ती एक किलो हवा खोलीच्या स्थितीला आणायला साधारण १६ किलोज्यूल काढावे लागतात. मुंबईत जुलैत बाहेर ३० अंश आणि ८० टक्के. फक्त सहा अंशांचा फरक, पण पाणी किलोमागे साडेएकवीस ग्रॅम. तिथे एका किलोला ३५ किलोज्यूल लागतात, आणि त्यातले २९ नुसतं पाणी काढण्यात जातात. ३० अंशांची हवा ४४ अंशांच्या हवेपेक्षा दुपटीने जड पडते.

विदर्भात कूलर चालतो आणि गिरगावात चालत नाही, त्याचं कारण हेच. मेमध्ये वाळ्याच्या ताटीवर पाणी सोडलं की हवा थंड होते कारण तिच्यात पाणी शोषायला जागा असते. आणि नागपुरात पाऊस सुरू झाला की तोच कूलर निकामी होतो, हे तुम्हाला घरी माहीतच असेल. तुमचं मॉडेल फ्रेश एअरशिवाय चालल्यामुळे त्याला जुलै दिसलाच नाही.

हाताने काढून देतो. ग्रंथालयाला अॅश्रे ६२.१ (एसी इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेचं ताज्या हवेचं मानक) प्रमाणे माणशी २.५ लिटर प्रति सेकंद आणि चौरस मीटरला ०.६ लिटर. ३०० मुलांचे ७५०, जागेचे ७२०, मिळून १,४७० लिटर. वजनाने सेकंदाला १.७ किलो हवा. मेमध्ये गुणिले १६, म्हणजे २७ किलोवॅट. जुलैत नागपूरला २८ अंश आणि ८५ टक्के धरले तर फरक ३० किलोज्यूल, म्हणजे ५१ किलोवॅट, साडेचौदा टन, फक्त हवेपायी. समुद्रसपाटीचा दाब धरलाय, नागपूर ३०० मीटरवर आहे, फरक किरकोळ पडेल. मॉडेलमध्ये घातल्यावर याच्या आसपास उत्तर आलं नाही तर काहीतरी चुकलंय असं समजा.

---

म्युनिचहून | १२ मे, दुपारी ४:०५

मूळचा सांगलीचा, गेली बारा वर्षं जर्मनीत इमारतींच्या एनर्जी कन्सल्टिंगमध्ये. हीटिंगच्या आकड्याबद्दल लिहितो, कारण इकडे सगळं आयुष्य त्याच्याभोवती फिरतं.

जर्मनमध्ये दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. ‘हाइत्सलास्ट’ म्हणजे सर्वांत थंड प्रसंगी लागणारी क्षमता, किलोवॅटमध्ये, बॉयलर किंवा हीट पंप निवडायला. ‘हाइत्सवेर्मेबेडार्फ’ म्हणजे वर्षभरात लागणारी उष्णता, किलोवॅट-तासांत. पॅसिव्हहाउसच्या (अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घराच्या) निकषात दोन्ही दिसतात: वर्षाला चौरस मीटरमागे १५ किलोवॅट-तास, किंवा १० वॅटचा हीटिंग लोड. १९९१ मध्ये डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्हहाउस उभं राहिलं तेव्हापासून हे आकडे इथल्या लोकांच्या तोंडी आहेत. आपण दोन्हींना ‘लोड’ म्हणतो, आणि मग ठेकेदार टनांबद्दल बोलतो, खजिनदार युनिटांबद्दल, आणि दोघांना वाटतं विषय एकच चाललाय.

तुमचे हीटिंगचे ९. सॉफ्टवेअरला तुम्ही विचारलंत, ‘खोली कधीही २१ च्या खाली जाऊ द्यायची नाही, तर किती उष्णता लागेल?’ त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १०-१२ वर येतो, त्यामुळे उत्तर शून्य येणार नाहीच. पण तुमच्या इमारतीत हीटर नाही आणि बसणारही नाही. मुलं स्वेटर घालून येतील. म्हणून तो आकडा रिपोर्टमध्ये ऊर्जा म्हणून ठेवू नका. हीटिंग काढून टाका, मॉडेल पुन्हा चालवा, आणि सकाळच्या वेळी खोलीचं तापमान किती तास १८ च्या खाली राहतं तेवढंच द्या. अध्यक्षांना ते लगेच कळेल.

अजून एक. हीटिंग कोणत्या तासांना येतंय ते पाहा. थंडीच्या पहाटे येत असेल तर ठीक. मे-जूनमध्ये कुठेही हीटिंग दिसलं तर सिस्टिम आधी हवा जास्त थंड करून मग पुन्हा गरम करतेय, हे धरून चाला.

---

रानवाटा | १२ मे, रात्री ९:१५

मध्येच घुसतोय, पण विषय जवळचा आहे. मी पुण्यात एम.टेक. करतोय, मशीन लर्निंगने हीटिंग-कूलिंग लोडचा अंदाज हा माझा प्रोजेक्ट. सगळे वापरतात तो ७६८ इमारतींचा डेटासेट घेतलाय, २०१२ मध्ये त्सानास आणि क्सिफारा यांनी प्रसिद्ध केलेला. रँडम फॉरेस्ट या मशीन लर्निंगच्या पद्धतीने माझं उत्तर छान येतंय, एरर मूळ पेपरच्या जवळपास, म्हणजे हीटिंगला ०.५१ आणि कूलिंगला १.४२ च्या आसपास. हे मॉडेल वापरून वाळ्याचा_पडदा यांच्या इमारतीचा लोड थेट काढता येणार नाही का? सिम्युलेशनची भानगडच नको.

माझे निष्कर्ष असे निघतायत: उंची सगळ्यात महत्त्वाची, इमारत जितकी आटोपशीर तितका लोड जास्त, आणि दिशेचा परिणाम जवळपास शून्य.

---

चिऱ्याचं_घर | १२ मे, रात्री १०:५०

रानवाटा, मी गोव्यात आर्किटेक्ट आहे आणि तुमचं शेवटचं वाक्य वाचून दचकले. पश्चिमेची उघडी भिंत काय करते हे एप्रिलमध्ये माझ्या साइटवर संध्याकाळी पाच वाजता हात लावून बघा. दिशेचा परिणाम शून्य असूच शकत नाही. डेटामध्ये असं का दिसतं ते शोधायला हवं.

मी तो डेटासेट एका वर्कशॉपसाठी उघडून पाहिला होता. त्यात १२ आकार आहेत, प्रत्येक आकार साडेतीन मीटरच्या १८ घनांचा. मग चार दिशा, काचेचं प्रमाण जमिनीच्या क्षेत्रफळाच्या १०, २५ आणि ४० टक्के, आणि काचेच्या पाच मांडण्या. १२ गुणिले ४ गुणिले ३ गुणिले ५ बरोबर ७२०, त्यात अजिबात काच नसलेल्या ४८, झाल्या ७६८. हवामान अथेन्सचं, सॉफ्टवेअर इकोटेक्ट.

आता दिशा. चार दिशांना २, ३, ४, ५ असे नंबर दिलेत. तुम्ही त्या नंबराचा लोडशी कोरिलेशन काढलात. ५ ही दिशा २ च्या अडीचपट नाही, ते नुसतं नाव आहे. शिवाय काच प्रत्येक बाजूला समान वेळा फिरवलेली आहे, त्यामुळे सगळ्यांची सरासरी घेतली की दिशेचा परिणाम एकमेकांत विरून जातो. ५५ टक्के काच पश्चिमेला असलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि उत्तरेला असलेल्यांशी तुलना करा. फरक तिथे शोधायचा.

दुसरं, तुमच्या एररबद्दल. सगळ्या ७६८ ओळी पत्त्यांसारख्या पिसून ट्रेन आणि टेस्ट केल्यात ना? मग टेस्टमधल्या प्रत्येक घराचं जुळं भावंड ट्रेनिंगमध्ये बसलेलं होतं, फक्त काच थोडी वेगळी. आकार १२ च आहेत. एक पूर्ण आकार बाजूला काढून बाकीच्या ११ वर शिकवा आणि मग त्या बाराव्याचा अंदाज घ्या. एकदा करून बघा, खूप शिकाल.

---

गिरगावकर | १३ मे, सकाळी ७:४५

ताईंनी बरोबर नाडी पकडली. मी ‘आटोपशीर इमारतीचा लोड जास्त’ याबद्दल लिहितो, कारण रात्री ते वाचून मला झोप लागेना. आमच्या धंद्याचा पायाच उलटा आहे. आकारमान तेच ठेवून बाहेरचा पृष्ठभाग कमी केला तर उष्णतेला ये-जा करायला जागा कमी. आटोपशीर घर चांगलं.

या डेटासेटमधल्या भिंतीची यू-व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमागे जाणारे वॅट) १.७८, छताची ०.५०, जमिनीची ०.८६. सगळ्यात आटोपशीर आकार घ्या, आटोपशीरपणाचा आकडा ०.९८ वाला: दोन मजली, भिंत २९४ चौ.मी., छत ११०.२५, जमीनही तेवढीच. गुणाकार करून बेरीज केली तर अंशामागे सुमारे ६७३ वॅट. सगळ्यात पसरट, ०.६२ वाला: एकमजली, भिंत ३६७.५, छत आणि जमीन प्रत्येकी २२०.५. बेरीज ९५४ वॅट. म्हणजे भौतिकशास्त्र सांगतं पसरट घरातून जवळजवळ दीडपट उष्णता जाते. आणि डेटामध्ये? ७ मीटर उंच गटाचा हीटिंग लोड साडेतीन मीटरवाल्या गटाच्या सरासरीत दुपटीहून जास्त. कल पूर्ण उलटा.

म्हणून मी भागाकार करून पाहिला. १८ घनांचं क्षेत्रफळ दोन्हींत २२०.५ चौ.मी. त्याने भागलं तर ३.०५ आणि ४.३३, आटोपशीर घर जिंकतं. पण जमिनीला टेकलेल्या क्षेत्रफळाने भागलं, म्हणजे पहिल्याला ११०.२५ आणि दुसऱ्याला २२०.५, तर ६.१ आणि ४.३३. पसरट घर जिंकतं! घरं तीच, उष्णता तीच. भाजक बदलला की ‘उंच चांगलं की बुटकं’ याचं उत्तर फिरलं. रानवाटा, तुझा रँडम फॉरेस्ट हे कधीच सांगणार नाही. त्याला दिलेला आकडा त्याने हुबेहूब पाठ केला, आणि पाठांतर उत्तम आहे. आकडा कशाने भागलाय हे तुला विचारावं लागेल.

वाळ्याचा_पडदा, तुम्हीही तपासा. तुमचे ११८ हे एसीखालच्या १,२०० ने भागलेत की जिने, पॅसेज, संडास धरून एकूण बांधकामाने?

---

रानवाटा | १३ मे, दुपारी १:२०

काका, ताई, मनापासून आभार. मी तिसरी गोष्टही तपासली. त्या डेटामध्ये एकूण पृष्ठभाग म्हणजे नेमकं भिंत अधिक दोन छतं. २९४ अधिक दोनदा ११०.२५ बरोबर ५१४.५, प्रत्येक ओळीत तंतोतंत. आटोपशीरपणाही पृष्ठभागावरूनच काढलेला, कारण आकारमान सगळीकडे ७७१.७५ घनमीटर. म्हणजे एकच माहिती तीन-चार रकान्यांत. म्हणून दर वेळी रन केलं की ‘महत्त्वाचं काय’ याची यादी बदलायची, आणि मी त्यावर अर्धा चॅप्टर लिहिला होता. तो परत लिहितो. एक-एक आकार बाजूला काढून टेस्ट चालू केली आहे. एरर चांगलीच वाढलीये, विशेषतः दोन टोकांच्या आकारांना.

आणि अथेन्सवर शिकलेलं मॉडेल नागपूरला लावायचं नाही हेही कळलं. हवामानाचा रकानाच नाही त्यात. जे कधी बदललंच नाही त्याबद्दल ते काय सांगणार!

---

म्युनिचहून | १३ मे, संध्याकाळी ६:३०

रानवाटा, चॅप्टर परत लिहिताय हे वाचून आनंद झाला.

आता वाळ्याचा_पडदा यांच्या मनात ‘मॉडेल चुकलंय की काय’ ही जी धाकधूक आहे, त्यावर. अमेरिकेच्या एनआरईएल या सरकारी ऊर्जा प्रयोगशाळेत जडकॉफ आणि नेमार्क यांनी १९९५ मध्ये सिम्युलेशन प्रोग्रॅम्स पडताळायची बेसटेस्ट नावाची चाचणी मांडली. एकच खोली, ८ बाय ६ मीटर, उंची २.७, दक्षिणेला १२ चौ.मी. काच, डेन्व्हरचं हवामान, सेटपॉइंट २० आणि २७. याहून सोपी इमारत असू शकत नाही. ती वेगवेगळ्या नावाजलेल्या प्रोग्रॅम्सना दिली. हलक्या भिंतींच्या खोलीचं वर्षाचं हीटिंग कुणी ४.३ मेगावॅट-तास सांगितलं, कुणी ५.७. कूलिंग ६.१ पासून जवळजवळ ८ पर्यंत. भिंती जड केल्यावर सगळ्यांचं हीटिंग १.२ ते २ च्या दरम्यान आलं आणि कूलिंग २.१ ते ३.४.

दोन गोष्टी घ्या यातून. सगळं इनपुट एकच असतानाही तिसरा हिस्सा फरक पडला, म्हणून ११८ च्या पुढे दशांश लिहू नका. पण जड भिंतींनी लोड निम्म्याहून खाली येतो हे सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. दोन पर्यायांमधला फरक सिम्युलेशन चांगला सांगतं. एकट्या आकड्याची खात्री द्यायची तर इमारत वापरात आल्यावर मीटरशी ताडून पाहावं लागतं. अॅश्रेच्या गाइडलाइन १४ मध्ये महिन्याच्या बिलांशी तुलना करायला एकूण तफावत ५ टक्क्यांच्या आत आणि महिन्या-महिन्याची चढउतार १५ टक्क्यांच्या आत, अशी कसोटी आहे.

हवामान फाइलबद्दलही सांगतो. ती कुठल्याही एका वर्षाची नसते. वेगवेगळ्या वर्षांतले नमुनेदार महिने जोडून ती बनते. मुद्दाम टोकाची वर्षं टाळलेली असतात. नागपूरची खरी उष्णतेची लाट तुमच्या फाइलमध्ये असेलच असं नाही. वार्षिक ऊर्जेसाठी ती फाइल योग्य, टन ठरवायला डिझाइन-डे (टोकाच्या हवामानाचा ठरवून घेतलेला दिवस) वेगळा चालवा.

---

चिऱ्याचं_घर | १३ मे, रात्री ९:३०

कूलिंगच्या सेटपॉइंटबद्दल कुणी फारसं बोललं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय तोच आहे. २४ कुठून आला? १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसीला २४ हे डिफॉल्ट आहे, म्हणून आपण सगळीकडे २४ भरतो. पण सेप्ट विद्यापीठाने भारतीय ऑफिसांत लोकांना किती तापमान सुखाचं वाटतं ते विचारून केलेला आयमॅक अभ्यास आहे, नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये घेतलाय. मिश्र पद्धतीच्या (कधी खिडक्या उघड्या, कधी एसी) इमारतीला सूत्र सरळ आहे: बाहेरच्या गेल्या काही दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.२८ ने गुणा, १७.८७ मिळवा. मेमध्ये नागपूरची सरासरी ३४ धरली तर २७.४ येतं. पंखे फिरत असताना २७ ला बसून वाचणं आपल्याकडच्या मुलांना मुळीच जड जात नाही. एकदा २४ आणि एकदा २७ लावून दोन्ही रन शेजारी ठेवा. आणि पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा नको, उभे फिन (ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या) द्या. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, छज्जा त्याला अडवत नाही. लोड जागच्या जागी कमी करता येत असेल तर तो मशीनवर का टाकायचा?

---

वाळ्याचा_पडदा | १७ मे, रात्री ११:०५

मंडळी, चार रात्री बसून सगळं पुन्हा चालवलं.

भाजक तपासला. ११८ हे १,२०० नेच भागलेले होते, तिथे चूक नव्हती. फ्रेश एअर घातली. मेच्या दुपारचा पीक १२८ वरून १५३ झाला. जुलैत आधी ९८ होता तो १४७ वर गेला. काकांनी हाताने २७ आणि ५१ सांगितले होते, मॉडेलने २५ आणि ४९ दिले. हे पाहून अंगावर काटा आला. सोमवारी एसी साडेसहाला सुरू केला तर सकाळचा उंचवटा दुपारच्या पीकच्या खालीच राहतो. वर्षाचं कूलिंग १३९ झालं.

हीटिंग काढून टाकलं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ९ ते ११ मध्ये मिळून ४१ तास खोली १८ च्या खाली. अध्यक्ष म्हणाले, ‘एवढंच ना, चहाची सोय करू.’

मग ताईंचं ऐकलं. गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याखाली इन्सुलेशन, पश्चिमेला उभे फिन, सेटपॉइंट २६ आणि पंखे. २७ ला संस्था तयार होईना. मेच्या दुपारचा पीक १२४, वर्षाचं ९८. जुलै मात्र फक्त १३४ पर्यंतच उतरला, कारण तिथला लोड भिंतीतून नाही, हवेतून येतोय. म्हणजे आता आमचा पीक मेमध्ये नाही, जुलैत आहे! नागपुरात एसीची खरी परीक्षा पावसाळ्यात होणार हे मी आठवड्यापूर्वी मान्यच केलं नसतं.

१३४ म्हणजे ३८ टन. डिझाइन-डे वर ४२ येतात. आम्ही ४८ टन तीन भागांत सुचवलेत, म्हणजे परीक्षेच्या दिवसांत रात्री एकच मजला उघडा असला तर एकच भाग चालेल. ठेकेदाराला जुलैचा तासांचा आलेख दाखवला. १०७ टन बसवले असते तर यंत्र पाच-पाच मिनिटं चालून बंद होत राहिलं असतं आणि खोलीतला दमटपणा तसाच राहिला असता, हे त्यालाच पटलं. जुन्या एका कामात पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी आली होती, ते त्याने स्वतःहून सांगितलं.

खजिनदारांना आता उष्णता आणि वीज असे दोन रकाने करून दिलेत.

---

गिरगावकर | १८ मे, सकाळी ७:२०

उत्तम काम केलंत. एक विनंती: दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या कोपऱ्यात तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा एक छोटा लॉगर पहिल्या दिवसापासून ठेवा, पुस्तकांच्या कपाटाजवळ, डिफ्यूझरच्या (थंड हवा सोडणाऱ्या जाळीच्या) झोतात नको. आणि फ्रेश एअरच्या डक्टवर प्रवाह मोजायला भोक आत्ताच ड्रॉइंगमध्ये दाखवा. नंतर फॉल्स सीलिंग झालं की कोणी तोडू देत नाही.

---

वाळ्याचा_पडदा | १८ मे, सकाळी ९:०५

दोन्ही ड्रॉइंगमध्ये घातलं काका. एसीचा वेगळा वीज मीटरही संस्थेने मंजूर केलाय. पहिल्या जुलैचे आकडे याच धाग्यावर टाकतो.